इन्फ्रारेड फोटो आणि व्हाइट बॅलन्स: सुंदर फोटो की भरवशाचा डेटा?

७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून पहिला फोटो काढलात की स्क्रीनवर सगळं लालभडक दिसेल. घाबरू नका, कॅमेरा बिघडलेला नाही. सेन्सरवरच्या लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांपैकी लाल फिल्टर या पट्ट्यातला प्रकाश सर्वांत जास्त आत सोडतो, म्हणून असं होतं.

उपाय सोपा आहे. तोच फिल्टर ठेवून उन्हातल्या हिरव्या गवताने फ्रेम भरा, फोटो काढा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा. निरोगी पानं जवळचा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतात. त्यामुळे आता झाडं पांढरी दिसू लागतात.

पण संशोधनात खरी गोची पुढे आहे. मी दोन आठवडे पिकाच्या पानांचे फोटो ऑटो व्हाइट बॅलन्सवर, जेपेगमध्ये काढले. दर फोटोत कॅमेऱ्याने रंगांचे गुणक आपल्या मनाने बदलले होते. सोमवारच्या पानाची शुक्रवारच्या पानाशी तुलनाच करता येईना. तोवर पीक पुढे गेलं होतं!

रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त सोबतची नोंद असते, सेन्सरचे मूळ आकडे तसेच राहतात. जेपेगमध्ये मात्र तो रंगांत मुरतो, पूर्णपणे परत काढता येत नाही. म्हणून रॉमध्येच काढा, व्हाइट बॅलन्स एकच ठेवा, आणि ऊन बदलतं म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये तेच रेफरन्स कार्ड ठेवा.

उद्या गाइड विचारतील, "हा फरक पानाचा की कॅमेऱ्याचा?" तेव्हा उत्तर तयार हवं.