विजेचा दाब वाढला तर

नळाच्या पाण्याला दाब असतो, तसा विजेलाही असतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची वीज येते. दिवा, पंखा, टीव्ही तेवढ्याच दाबासाठी केलेले असतात.

कधी कधी हा दाब एकदम वाढतो. जवळपास वीज पडली की वाढतो. गेलेली वीज परत येतानाही झटका बसतो. सर्वांत वाईट म्हणजे खांबावरची न्यूट्रल तार तुटणे. मग घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. दिवे एकाएकी फार लख्ख झाले, की लगेच मेन स्विच बंद करा अन् वायरमनला बोलवा.

लोक म्हणतात, "आमच्याकडे फ्यूज आहे की!" पण फ्यूज वितळायला वेळ लागतो. तोवर टीव्ही जळून जातो. शिवाय आम्ही घरोघर पाहतो, फ्यूजमध्ये चांगली जाड तार घातलेली असते! ती कसली वितळते?

तेव्हा आभाळ भरून आले, की प्लग भिंतीतून काढूनच ठेवा. डिशची तारही काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. आकाशातली वीज बटणातली फट ओलांडून जाते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र प्लगला हात लावू नका. टीव्ही गेला तर जाऊ द्या.

दुकानात सर्ज प्रोटेक्टर मिळतो. तो जादा वीज अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत सोडतो. अर्थिंगच नसेल तर सोडणार कुठे? म्हणून आधी अर्थिंग करून घ्या. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात मधूनमधून बादलीभर पाणी ओता. कोरडी माती वीज नीट घेत नाही.