भंडारा शेवाळी का दिसतो?

डिजिटल पेंटिंग शिकवणाऱ्या व्हिडिओंमधून एक सल्ला इतक्या वेळा कानावर येतो की आता त्याला नियमाची कळा आली आहे. सल्ला असा : आधी सगळं चित्र ग्रेस्केलमध्ये पूर्ण करा, मग वर एक नवा लेयर घ्या, त्याचा मोड 'कलर' ठेवा आणि रंग भरा. उजेड-अंधाराचं काम आधीच झालेलं असतं, त्यामुळे रंग चुकूच शकत नाही.

ग्रेस्केलमध्ये सुरुवात करण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चित्रात काय उजळ, काय गडद आणि नजर आधी कुठे जायला हवी, हे रंगाचा मोह बाजूला ठेवून ठरवलं तर चांगलं ठरतं. चित्रकलेच्या इलेमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसाठी पेन्सिलीने शेडिंग घोटवून घेतलेल्या पिढ्यांना हे वेगळं सांगायला नको. तक्रार आहे ती 'रंग चुकूच शकत नाही' या आश्वासनाबद्दल. रंग चुकतो. हमखास चुकतो. आणि तो का चुकला हे न कळल्यामुळे नवशिके बिचारे ब्रश बदलत बसतात.

जेजुरीचं चित्र घ्या. सोमवती अमावास्या, पायऱ्यांवर माणसं, हवेत उधळलेला हळदीचा भंडारा. ग्रेस्केलमध्ये चित्र झकास जमतं : उन्हातला भंडारा पांढऱ्याच्या जवळ, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत साचलेला मधल्या करड्यात, माणसं गडद. आता वर कलर लेयर घेऊन छान पिवळा फिरवला, की उन्हातला भाग फिकट, धुऊन निघाल्यासारखा होतो आणि सावलीतली हळद चक्क शेवाळी. पावसाळ्यात गडाच्या पायऱ्यांवर शेवाळं धरतं हे खरं, पण ते काही कोणी उधळत नाही.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. 'कलर' मोड खालच्या लेयरचा उजळपणा जसाच्या तसा ठेवतो आणि वरच्या लेयरमधून फक्त रंग आणि त्याची तीव्रता घेतो. उजळपणा मोजताना लाल, हिरवा आणि निळा यांना सारखा मान मिळत नाही, कारण आपल्या डोळ्यालाच ते सारखे उजळ वाटत नाहीत. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या दस्तऐवजात या मोडचं सूत्र उघड छापलेलं आहे : लालला 0.3, हिरव्याला 0.59, निळ्याला 0.11. पडद्यावरचा शुद्ध पिवळा म्हणजे पूर्ण लाल अधिक पूर्ण हिरवा, म्हणून त्याचा उजळपणा 0.89. मधला करडा साधारण 0.5. आता 0.89 वाल्याला 0.5 च्या खोलीत बसवायचं तर त्याला दाबावंच लागतं. गणित केलं की उत्तर येतं लाल 143, हिरवा 143, निळा 0. हे आकडे कलर पिकरमध्ये टाकून पाहा. तेच शेवाळं. सॉफ्टवेअर बदललं तर आकडे थोडे हलतील, शेवाळं हलणार नाही. 'कलर'ऐवजी 'मल्टिप्लाय' वापरला तरी सुटका नाही, तिथे 128, 128, 0 मिळतो.

त्याच करड्यावर शुद्ध निळा टाकला तर उलट घडतं. निळ्याचा उजळपणा जेमतेम 0.11, त्याला 0.5 पर्यंत वर उचलायचं म्हणजे त्यात पांढरं मिसळल्यासारखं होणार. हाती येतो तो फिकट, जांभळट निळा. म्हणजे एकच करडा पिवळ्याला फार गडद पडतो आणि निळ्याला फार उजळ. प्रत्येक रंगाची भरात यायची पायरी वेगळी असते. अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 साली रंग मोजण्याची पद्धत मांडली. तिचं त्रिमितीय रूप नीटस गोल होत नाही, ओबडधोबड राहतं ते याचमुळे : पिवळा वरच्या पायऱ्यांवर फुगतो, निळा-जांभळा खालच्या. आधी करडे ठरवून टाकले, की कोणता रंग किती खुलणार हेही तुम्ही नकळत ठरवून बसता.

बरं, सावलीतली हळद प्रत्यक्षात कशी दिसते? नारिंगीकडे झुकलेली, तपकिरीच्या वाटेवरची. ढिगाच्या खळग्यात उजेड एका कणावरून दुसऱ्यावर आपटत जातो आणि प्रत्येक आपटीत त्यातला निळा आणि थोडा हिरवाही शोषला जातो. उरतो तो तांबूस उजेड. म्हणजे उजेडातून सावलीत जाताना फक्त उजळपणा बदलत नाही, रंगसुद्धा सरकतो. ही माहिती करड्या चित्रात नसतेच, मग एकाच पिवळ्याचा कलर लेयर ती आणणार कुठून?

त्वचेचंही तसंच. कानाची पाळ, बोटांची पेरं, उजेड संपून सावली सुरू होते ती रेघ, इथे त्वचा जास्त लाल दिसते, कारण लाल उजेड त्वचेत खोलवर शिरून बाहेर येतो. सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे जलरंगचित्र राजा रविवर्म्याच्या नावावर खपवणारे अजून भेटतात, तो आणखी एक गैरसमज. त्यातल्या बाईने दिव्याआड धरलेल्या हाताची बोटं आतून पेटल्यासारखी वाटतात ती नुसती उजळ आहेत म्हणून नव्हे, तर तांबूस आहेत म्हणून. त्याच हातावर सगळीकडे एकच 'स्किन कलर' फिरवला तर हात शाडूचा होईल.

एवढं सांगितलं की समोरून हुकमी पान पडतं : 'पण जुने मास्टर्स असंच करायचे!' आणि पुरावा म्हणून व्हॅन आइक बंधूंचं गेंटचं वेदिचित्र दाखवलं जातं. 1432 मध्ये पूर्ण झालेल्या त्या चित्राच्या मिटलेल्या दारांवर दोन संत जॉन खरंच करड्यात आहेत. पण ते दगडी पुतळ्यांसारखे दिसावेत म्हणून मुद्दाम तसे रंगवले आहेत. ते पूर्ण चित्र आहे, त्यावर रंग चढवायचा राहून गेलेला नाही. अँग्रची न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधली करडी 'ओदालिस्क' हीसुद्धा 1814 च्या रंगीत चित्राची नंतरची आवृत्ती, त्याचा पाया नव्हे.

पायाचा थर पाहायचा असेल तर अर्धवट राहिलेलं चित्र बघावं. लिओनार्दोने 1481 मध्ये हाती घेतलेलं 'अॅडोरेशन ऑफ द मॅजाय' फ्लोरेन्सच्या उफीझीत आहे. त्याचा पाया तपकिरी आहे. चेन्निनो चेन्निनी आपल्या चित्रकलेच्या ग्रंथात त्वचेखाली हिरव्या मातीचा थर द्यायला सांगतो. म्हणजे जुने लोक एका रंगात सुरुवात करत होते, पण तो एक रंग राखाडीच असला पाहिजे असं कुठे आहे? शिवाय तैलरंगाचा पातळ थर पारदर्शक असतो. उजेड त्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटून परत येतो आणि खालचा ऊबदार रंग सावलीत झिरपतो. वरून ते जागोजाग अपारदर्शक रंगही लावत. कलर लेयर यातलं काहीच करत नाही, तो फक्त आकडे बदलतो. परंपरेचा दाखला द्यायचाच तर तो अर्धा देऊ नये.

काही चित्रं तर ग्रेस्केलमध्ये सुरू होऊच शकत नाहीत. मोनेचं 1872 चं 'इम्प्रेशन, सनराइज' घ्या. हार्वर्डच्या मेंदूतज्ज्ञ मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी 'व्हिजन अँड आर्ट' या पुस्तकात दाखवलं आहे की त्यातला नारिंगी सूर्य आणि मागचं आभाळ यांचा उजळपणा जवळपास सारखाच आहे. रंग काढून घेतला की सूर्य जवळजवळ गायब. मोने ग्रेस्केलवाल्यांच्या क्लासला असता, तर 'सूर्य उठून दिसत नाही, व्हॅल्यू (उजळपणा) सुधार' असा शेरा मिळाला असता.

मग करायचं काय? ग्रेस्केल जरूर करा, पण लहान आकारात, तीन ते पाच करड्यांत, आणि डोळ्यांच्या पापण्या रंगवायला लागायच्या आत थांबा. रंगीत वस्तूंचे करडे ठरवतानाच त्यांचा खरा रंग मनात ठेवा : हळद सावलीतही मधल्या करड्यापेक्षा वर राहू द्या. 'कलर' मोडऐवजी ग्रेडियंट मॅप घेतला तर सावलीला तपकिरी, मध्याला नारिंगी, उजेडाला पिवळा असे वेगवेगळे रंग नेमून देता येतात. तोही पायाच. त्यानंतर नॉर्मल मोडमध्ये साधा ब्रश घेऊन वरून रंगवायचं. हे काम टळत नाही.

किरकोळ गैरसमजही आहेत. ग्रेस्केल म्हणजे फसवणूक : नाही, पूर्वतयारी आहे. सगळे व्यावसायिक असंच करतात : अनेक जण पहिल्या फटक्यापासून रंगात काम करतात. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा दोन्ही चित्रात हवेतच : धुक्यातल्या सकाळीत दोन्ही नसतात. फाइलचाच मोड 'ग्रेस्केल' करावा : मग त्या फाइलमध्ये रंग उमटणारच नाही, फाइल आरजीबीच ठेवा.

आणि शेवटचा, जरा घातक : रंगीत चित्राची व्हॅल्यू तपासायला फोटोशॉपचं 'डिसॅच्युरेट' पुरे. ही कमांड डोळ्याला जाणवणारा उजळपणा मोजत नाही, लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांची सरासरी काढते. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा असे दोन चौकोन शेजारी काढा आणि डिसॅच्युरेट करा. दोन्ही एकाच करड्याचे होतील. त्याऐवजी सगळ्यात वर काळ्याने भरलेला लेयर ठेवून त्याचा मोड 'कलर' करा. 'कलर' मोडचा खरा उपयोग इथे आहे.