उसना क्रमांक, आपली पुंजी

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांचे एखादे खाते अजून भारतात असते. आईवडिलांचे औषधपाणी, गावच्या घराची डागडुजी, भाच्या-पुतण्यांची फी यांचा पैसा त्यातूनच जातो. या खात्याची किल्ली म्हणजे देश सोडताना जपून ठेवलेला एक भारतीय मोबाइल क्रमांक. व्यवहाराचा ओटीपी त्यावर येतो, विसरलेला पासवर्डही बहुधा त्यावरूनच बदलतो.

हा क्रमांक आपण आपला मानतो. वास्तविक तो कंपनीने वापरायला दिलेला असतो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरले नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर ते बंद होऊ शकते. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामकाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यानंतर मात्र तो कोणाच्याही हाती जाऊ शकतो आणि आपल्या बँकेचे संदेशही त्याच्याकडे जाऊ लागतात.

चोरालाही हा मार्ग ठाऊक आहे. ग्राहक असल्याची बतावणी करून तो आपल्या क्रमांकाचे नवे सिम मिळवतो, त्यालाच सिम स्वॅप म्हणतात. फोनचे नेटवर्क एकाएकी जाणे ही त्याची पहिली खूण. परंतु ज्यांचे सिम कपाटाच्या खणात पडून आहे, त्यांना ती दिसणार कशी?

कित्येक घरांत सिम गावच्या भावाच्या फोनमध्ये असते आणि ओटीपी व्हॉट्सॲपवर येतो. भावावर अविश्वास दाखवण्याचा आमचा हेतू नाही. (त्याच्या मध्यरात्रीच्या झोपेचा विचार तरी व्हावा!) पण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक भेद आहे. बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने फसवले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. व्यवहाराची गुप्त माहिती ग्राहकानेच इतरांना दिली असेल, तर तक्रार करेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. भावाला दिलेले सिम या दुसऱ्या बाजूला ढकलले जाण्याची भीती आम्हांस वाटते.

म्हणून बँकेतील क्रमांक बदलायचा तो जुना चालू असतानाच. बदलाची खातरजमाही बहुधा त्याच क्रमांकावर होते. तो एकदा गेला की शाखेचे हेलपाटे किंवा साक्षांकित कागदांची टपालवारी ठरलेली. काही बँका परदेशी क्रमांक स्वीकारतात, ओटीपी ईमेलवरही पाठवतात. जानेवारी २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान यांसह दहा देशांच्या क्रमांकांना एनआरई व एनआरओ खात्यांवर यूपीआयची परवानगी आहे. आपल्या बँकेने ती सोय दिली आहे का, हे विचारावे.

गावी आईच्या खात्याला कोणाचा क्रमांक जोडला आहे, तेही येत्या रविवारच्या फोनवर विचारून घ्यावे. आणि पैसे गेल्याचे कळताच बँकेला कळवून घरच्यांना १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच फोन करायला सांगावे.