चित्रामागील दाखला

ज्ञानकोशातील चित्र पाहणारा वाचक त्याच्याखालची ओळ वाचून पुढे जातो. ते कोणी काढले, त्याची मालकी कोणाकडे आहे आणि ते तेथे छापण्याची मुभा कोणी दिली, हे प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाहीत, आणि छापील ग्रंथांच्या काळात ते उद्भवण्याचे प्रयोजनही नव्हते, कारण केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशापासून वाईच्या मराठी विश्वकोशापर्यंत ती जबाबदारी संपादकीय कचेरीची होती. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया आणि १ मे २००३ रोजी त्याची मराठी आवृत्ती अस्तित्वात आली, तेव्हा ही कचेरीच नाहीशी झाली. जो चित्र चढवील त्यानेच त्याच्या मालकीची चौकशी करावी आणि तिचा दाखला सर्वांसमक्ष लिहून ठेवावा, अशी नवी व्यवस्था हळूहळू रूढ होत गेली. या व्यवस्थेचा अनेकांना जाच वाटला, आजही वाटतो; परंतु इतक्या वर्षांनी मागे वळून पाहता माझे मत असे झाले आहे, की मुक्त ज्ञानाचा हा सारा प्रपंच ज्या विश्वासावर उभा आहे, तो या दाखल्यांनीच टिकवून धरला.

आरंभीच्या वर्षांत कोणत्याही नियतकालिकातले वा संकेतस्थळावरचे चित्र उचलावे आणि लेखात बसवावे, अशी सैल रीत होती. सप्टेंबर २००४ मध्ये विकिमीडिया कॉमन्स हे चित्रांचे सामाईक भांडार सुरू झाले आणि तेथे केवळ मुक्त परवान्याचीच चित्रे घेतली जातील असे ठरले. पाठोपाठ मे २००५ मध्ये विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी जाहीर केले, की ‘फक्त विकिपीडियासाठी’ किंवा ‘व्यापारी वापर वर्ज्य’ अशा अटींवर मिळालेली नवी चित्रे यापुढे ठेवली जाणार नाहीत. दात्याची उदारता नाकारणारा हा निर्णय अनेकांना कठोर वाटला, पण त्यामागील विचार निर्मळ होता: जो मजकूर उद्या नाशिकच्या प्रकाशकाने पुस्तकात छापावा किंवा बेळगावच्या शिक्षकाने पाठात वापरावा अशी अपेक्षा आहे, त्याच्यातील चित्र एकाच दारापुरते मोकळे असून चालणार नाही.

खरे वळण २३ मार्च २००७ रोजी आले. विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या विश्वस्तांनी त्या दिवशी ठराव करून सर्व भाषांच्या प्रकल्पांना बजावले, की अमुक्त चित्रे ठेवायची असतील तर प्रत्येक प्रकल्पाने आपला अपवाद-धोरणाचा मसुदा स्वतः सिद्ध करावा, तो अत्यंत मर्यादित ठेवावा आणि जुन्या चित्रांची व्यवस्था वर्षभराच्या मुदतीत लावावी. ऐतिहासिक महत्त्वाचे प्रसंग, बोधचिन्हे आणि समकालीन कलाकृतींविषयीचे लेख एवढ्यांपुरताच हा अपवाद होता; हयात व्यक्तीच्या छायाचित्राला तो जवळजवळ नाकारण्यात आला, कारण जी व्यक्ती अजून सभेत, संमेलनात, रस्त्यावर भेटू शकते तिचे मुक्त छायाचित्र कोणीही काढू शकतो.

अशा अमुक्त चित्रासोबत जोडावयाची समर्थन-टिप्पणी हा या सर्व नियमांचा गाभा होय, आणि तिची सविस्तर रीत इंग्रजी विकिपीडियाने घालून दिली. दीनानाथ दलालांनी रंगवलेले एखादे मुखपृष्ठ त्या पुस्तकावरील लेखात घ्यायचे आहे, असे समजा. दलालांचे निधन १९७१ मध्ये झाले. लेखक वा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा भारतीय कायद्याचा सर्वसाधारण हिशेब लावला तर त्यांच्या चित्रांवरील प्रताधिकार २०३१ अखेरपर्यंत चालेल. म्हणून मुखपृष्ठ कोठून घेतले, हक्क चित्रकाराकडे आहे की प्रकाशकाकडे, कोणत्या नेमक्या लेखासाठी ते हवे आहे, त्यावाचून वाचकाच्या आकलनात कोणती उणीव राहील, मुक्त पर्याय का संभवत नाही आणि चित्राचा आकार मूळ कृतीच्या विक्रीला बाधा येणार नाही इतका लहान केला आहे की नाही, हे सारे लिहावे लागते. आणि तेच चित्र दुसऱ्या लेखात घ्यायचे तर त्या वापरापुरती स्वतंत्र टिप्पणी पुन्हा लिहावी लागते. एका टिप्पणीवर दोन लेख भागवता येत नाहीत, याचा मला विशेष आदर वाटतो, कारण परक्याची वस्तू वापरण्याची गरज प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावी लागते.

आपल्याकडे ‘साभार’ एवढा शब्द छापला की ऋण फिटले, असा समज नियतकालिकांतून खोल मुरलेला आहे. आभार हा संमतीचा पर्याय होत नाही, हे मराठीत प्रथमच जाहीरपणे आणि सातत्याने कोणी शिकवले असेल, तर ते या चित्र-पृष्ठांवरील नीरस साच्यांनी.

फरीदाबादेस राहणाऱ्या माझ्यासारख्याला या नियमांची सर्वांत सखोल ओळख होते ती येथील जुन्या छायाचित्रांमुळे. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये वसवलेल्या या गावाशेजारी १९४९ नंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी स्वतःच्या श्रमांनी नवी औद्योगिक वसाहत उभारली. त्या काळाची छायाचित्रे ज्ञानकोशात यावीत असे कोणाला वाटणार नाही? परंतु १९५७ च्या कायद्यातील जुन्या कलमानुसार छायाचित्रावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चाले. २१ जून २०१२ रोजी अंमलात आलेल्या दुरुस्तीने ते कलम रद्द झाले आणि छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून ६० वर्षे मोजली जाऊ लागली. परिणामी ज्या खाजगी छायाचित्राची मुदत त्या दिवसापूर्वीच संपली होती ते भारतात मुक्त राहिले, तर जे त्या दिवशी अद्याप मुदतीत होते, ते पुन्हा दीर्घकाळ बंधनात गेले. आणि घरच्या पेटीतून कधीच बाहेर न आलेल्या चित्राचा हिशेब तर आणखी वेगळा.

याउपर अमेरिकेचा कायदा आहे, कारण कॉमन्सवर राहू इच्छिणारे चित्र मूळ देशाबरोबर अमेरिकेतही मुक्त असावे लागते. १ जानेवारी १९९६ रोजी भारतात मुदतीत असलेल्या कृतीला तेथे प्रसिद्धीपासून ९५ वर्षांचे संरक्षण मिळू शकते, म्हणजे १९५० चे छायाचित्र येथे मोकळे असूनही तेथे २०४५ अखेरपर्यंत अडकते. नेमक्या याच पेचात समर्थन-टिप्पणी उपयोगी पडते. जो प्रसंग पुन्हा घडणार नाही, त्याचे चित्र सकारण आणि मर्यादित स्वरूपात एखाद्या भाषेच्या विकिपीडियाला तिच्या अपवाद-धोरणानुसार ठेवता येते.

वर्तमानाची चित्रेही सर्वस्वी निर्वेध नाहीत. बल्लभगडच्या राजा नाहरसिंहाच्या महालाचे छायाचित्र काढून मुक्त परवान्याने देण्यास आपल्या कायद्याची हरकत नाही, कारण वास्तूच्या छायाचित्राला कलम ५२ मध्ये स्पष्ट सवलत आहे. पण शिल्पाला ती सवलत ते सार्वजनिक जागी कायमचा स्थित असेल तरच मिळते, आणि रंगचित्राला तीही नाही. येथल्या सूरजकुंडच्या २०१९ च्या हस्तकला मेळ्यात महाराष्ट्र हे मुख्य राज्य होते. तेथे मांडलेल्या वारली चित्राचे छायाचित्र मी काढले तरी ते मुक्त करण्याचा हक्क त्या चित्रकाराचा आहे, माझा नव्हे. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे २०१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०७८ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे राहील. आदिवासी कलावंताचे चित्र म्हणजे कोणाचेही चित्र, ही जी दीर्घकाळची सवय, तिला या नियमाने लगाम घातला, याचे मला मनःपूर्वक समाधान आहे.

राहता राहिले कौटुंबिक संग्रह. कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. म्हणून स्टुडिओत काढवलेली असंख्य चित्रे मुक्त करण्याचा अधिकार आज त्या घरांतील वारसांच्या हाती आहे, आणि त्यांनी ई-पत्राने संमती कळवली की स्वयंसेवक ती तपासून तिचा क्रमांक चित्राच्या पृष्ठावर नोंदवतात. फरीदाबादेत १९४९ साली बालपणी आलेली माणसे आता ऐंशीच्या आसपास किंवा त्याहून वयस्क आहेत. चित्र कोणी काढवले, कोणत्या साली, पैसे कोणी दिले, हे सांगणारे साक्षीदार तेच. त्यांच्याकडून एवढे लिहून घ्यावे, चित्र चढवण्याचे काम त्यानंतरही होऊ शकते.