जुन्या पीसीत नवी रॅम टाकताय? पैसे देण्याआधी हे तपासा

वसई पूर्वेच्या वालीवमध्ये छोट्या कारखान्यांचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. अशा कुठल्याही गाळ्यात डोकावलं तर कोपऱ्यात एक केबिन आणि त्यात एक जुना डेस्कटॉप दिसतो. टॅली, बिलं, जीएसटी सगळं त्यावरच. महिन्याची ११ किंवा २० तारीख, म्हणजे जीएसटी रिटर्नची मुदत, जवळ आली की नेमका हाच पीसी रखडायला लागतो. मग सल्ला मिळतो, "रॅम वाढवा, पळायला लागेल."

सल्ला चुकीचा नाही. पण दुकानात "८ जीबी रॅम द्या" एवढंच सांगितलं, तर ती तुमच्या पीसीत चालेलच असं नाही. त्यात एआय डेटा सेंटरची मागणी वाढल्यामुळे २०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव चढले. मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५मध्ये जाहीर केलं. म्हणजे चुकीची रॅम घेणं आता जास्त महागात पडतं.

रॅम खरंच कमी पडतेय का?

नेहमीची कामं सुरू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढवून फरक पडेल. तो निम्म्यावरच असेल आणि पीसीत जुनी हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा. किती स्लॉट वापरात आहेत, हेही तिथेच दिसतं.

डीडीआर३, ४ की ५?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. डीडीआर३च्या पट्टीला २४० पिन असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ला २८८. पिन सारख्या असल्या तरी या दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं असतं. त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावला तर स्लॉट तुटू शकतो.

फक्त प्रोसेसरचं नाव सांगूनही भागत नाही. इंटेलच्या १२व्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींवर चालतात. तुमच्याकडे कोणती चालेल हे मदरबोर्ड ठरवतो. सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बोर्डचं मॉडेल आणि रॅमचा प्रकार दोन्ही दिसतात.

बोर्डला किती झेपते?

मॉडेल कळलं की कंपनीच्या वेबसाइटवर कमाल मर्यादा बघा. उदाहरणार्थ, जुन्या एच६१ चिपसेटला १६ जीबीपर्यंतच रॅम चालते. विंडोज ३२ बिट असेल, तर ४ जीबीच्या पुढची रॅम पडून राहते.

जुनीसोबत नवी चालेल?

प्रकार एकच असेल तर बहुतेकदा चालते. मात्र वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतात. शक्य असेल तर एकसारख्या दोन पट्ट्यांची जोडी घ्या. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमुळे १६ जीबीच्या एकीपेक्षा सहसा सरस ठरतात.

ऑनलाइन खूप स्वस्त दिसतेय?

वर्णन नीट वाचा. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसत नाही. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या बोर्डवर चालत नाही. काही स्वस्त डीडीआर३ पट्ट्यांवर 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं असतं. इंटेलच्या पीसीसाठी त्या घेऊ नका.

खर्च करावा का?

विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी इंटेलचा साधारण ८व्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. डीडीआर३वर चालणारे जवळपास सगळे पीसी या यादीबाहेर आहेत. त्यांच्यावर मोठा खर्च करण्यापेक्षा तेच पैसे पुढच्या पीसीसाठी ठेवलेले बरे. डीडीआर४चा पीसी असेल, तर रॅमवरचा खर्च वसूल होतो.

जवळच्या दुकानात जा किंवा लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठा, बोर्डचं मॉडेल आणि जुन्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये हवाच. आणि "चालली नाही तर बदलून द्याल ना?" हे बिल होण्याआधी विचारा, नंतर नाही.