काजूचा हंगाम आणि माकडताप

काजू पिकू लागले की आम्ही तुयेकर पहाटेच बोंडू वेचायला डोंगरावर जातो. माकडतापाचा हंगामही तोच. २०१५ मध्ये तो सत्तरीतील पाळी गावात आढळला, २०१६ मध्ये दोडामार्गात, माणसे दगावली. हा ताप गोचिडीच्या चावण्याने येतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला आणि आरोग्यकेंद्राला, दोघांनाही कळवावे. वनरक्षक, पशुवैद्य आणि डॉक्टर यांची सांगड तिथूनच बसते. एकाला सांगून दुसऱ्यावर सोपवले तर दिवस फुकट जातात. ताप अंगावर काढणे ही आमची जुनी खोड! या तापावर नेमके औषध नाही, पण वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. तेव्हा अचानक ताप, अंगदुखी सुरू होताच तुयेचे सरकारी इस्पितळ गाठावे आणि ‘काजूत कामाला होतो’ हे डॉक्टरांना आधी सांगावे. नाकातोंडातून रक्त आले तर बांबोळीला न्यायला १०८ बोलवावी.