जंजिरा संस्थान

ब्रिटिश अंमलातील मुंबई इलाख्याचे, कोकण किनाऱ्यावरील एक जुने संस्थान. उत्तरेस रोह्याची खाडी, दक्षिणेस बाणकोटची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र या त्याच्या सीमा होत. सौराष्ट्रातील जाफराबादही त्याच्याच ताब्यात होते. ‘जझीरा’ (बेट) या अरबी शब्दावरून किल्ल्यास व पुढे संस्थानास हे नाव मिळाले.

येथील सिद्दी मूळचे आफ्रिकेतील. गुलाम, सैनिक व दर्यावर्दी म्हणून ते दख्खनमध्ये आले आणि निजामशाहीच्या सेवेत पुढे आले. १६३६ मध्ये निजामशाही संपली, तेव्हा त्यांनी आदिलशाहीचे अंकितत्व पतकरले. शिवाजी महाराजांच्या दडपणामुळे फत्तेखान तह करण्यास तयार झाला; परंतु सिद्दी संबळ, कासम व खैर्यत यांनी त्यास पदच्युत करून औरंगजेबाचा आश्रय घेतला. मोगलांना सुरतेची व्यापारी व यात्रेकरूंची जहाजे राखण्यासाठी आरमार हवे होते. सिद्दींना द्रव्य व पाठबळ हवे होते. त्यांना सुरतेच्या महसुलातून तनखा व ‘याकूतखान’ हा किताब मिळाला. १६७१ मध्ये कासमने दंडाराजपुरी परत घेतली. धनी बदलले, तरी अंतर्गत कारभार सिद्दींच्याच हाती राहिला. गादी नेहमीच वंशपरंपरेने जात नसे. सरदारांतील व आरमारातील श्रेष्ठ अधिकारी सत्तेवर येई. ऑटोमन साम्राज्याच्या अल्जीअर्स प्रांतातही याच सुमारास सुलतानाचे नाममात्र स्वामित्व मानून तेथील आरमारी व लष्करी गट आपला ‘दे’ (शासक) निवडू लागले होते.

शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्यास वेढा दिला. पण मोगल सैन्य कोकणात उतरल्याने तो तडीस गेला नाही. सिद्दींच्या उपद्रवामुळेच श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर आले व पुढे पेशवे झाले. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी १७३३ मध्ये जंजिऱ्यावर मोहीम काढली. त्याच वर्षी रायगड मराठ्यांकडे परत आला. १७३६ मध्ये चिमाजी आप्पांनी सिद्दी सातास लढाईत ठार केले. त्यानंतरच्या तहाने सिद्दींचा मुलुख व उत्पन्न घटले. जंजिरा किल्ला मात्र मराठ्यांना अखेरपर्यंत जिंकता आला नाही.

मोगल सत्ता दुर्बल झाल्यावर सिद्दींनी इंग्रजांशी संबंध वाढविले. एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटिशांचे मांडलिक बनले व त्यांच्या आरमाराचे महत्त्व संपले. किल्ला अभेद्य राहिला, तरी सिद्दींची सत्ता मुख्यतः परक्या साम्राज्यांच्या गरजेवर टिकून होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याचा कोकणातील प्रदेश आज रायगड जिल्ह्यात मोडतो.